स्टेरॉइड शरीरात नेमकं काय करतं? हार्मोन आणि रिसेप्टरची सिस्टीम, सोप्या मराठीत

'स्टेरॉइड' हा शब्द आपल्याला कुठे कुठे भेटतो बघा. जिममध्ये कुणाचे दंड तीन महिन्यांत फुगले की मागे कुजबुज सुरू होते, "स्टेरॉइड घेतोय." दम्याच्या पंपाचं नाव निघालं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "त्यात स्टेरॉइड असतं, नको ती सवय." कोविडच्या वेळी हाच शब्द रोज बातम्यांत होता. मेडिकलमधून आणलेल्या 'गोरं करणाऱ्या' क्रीमच्या ट्यूबवर तो बारीक अक्षरांत लपलेला असतो. आणि गर्भनिरोधक गोळ्यांतही स्टेरॉइडच असतात, फक्त त्यांना तसं कुणी म्हणत नाही.

एकच शब्द, पण कुणाचा जीव वाचवतो, कुणाचा चेहरा बिघडवतो, कुणाचे स्नायू वाढवतो. हे कसं काय?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. पण एखादी सिस्टीम आतून कशी चालते हे समजून घ्यायची मला सवय आहे, आणि शरीरातली ही सिस्टीम आपण ऑफिसात रोज बघतो त्यातल्या कितीतरी सिस्टीमपेक्षा भारी डिझाइन केलेली आहे. ती समजली की वरच्या सगळ्या उदाहरणांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं.

ती जागा म्हणजे रिसेप्टर. हार्मोनमध्ये कुठलाही आदेश लिहिलेला नसतो. तो फक्त एक सिग्नल असतो. त्या सिग्नलचा अर्थ काय घ्यायचा, हे पेशीतला रिसेप्टर आणि ती पेशी मिळून ठरवतात. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे.

स्टेरॉइड म्हणजे आधी काय?

रसायनशास्त्रात स्टेरॉइड हे एका आकाराचं नाव आहे. कार्बनच्या अणूंची चार कडी एकमेकांना चिकटलेली असतात, तीन कडी सहा-सहा अणूंची आणि एक पाच अणूंचं. या सांगाड्याला कुठे काय जोडलंय त्यावरून नाव आणि काम बदलतं. आपल्या शरीरात सगळे स्टेरॉइड हार्मोन कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. म्हणजे ज्या कोलेस्टेरॉलला आपण रिपोर्टमध्ये घाबरतो, तोच यांचा कच्चा माल.

मुख्य हार्मोन आणि त्यांचे रिसेप्टर असे:

१. कॉर्टिसोल: मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येतो. ताण, रक्तातली साखर, सूज आणि प्रतिकारशक्ती यांच्याशी संबंध. याचा रिसेप्टर ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर.

२. अल्डोस्टेरोन: हाही अ‍ॅड्रिनलमधून. शरीरात मीठ आणि पाणी किती राखायचं ते बघतो. रिसेप्टर मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर.

३. टेस्टोस्टेरोन: पुरुषांत मुख्यतः वृषणातून, स्त्रियांत थोड्या प्रमाणात अंडाशय आणि अ‍ॅड्रिनलमधून. रिसेप्टर अँड्रोजेन रिसेप्टर.

४. इस्ट्रोजेन: यातला सर्वांत प्रभावी म्हणजे इस्ट्राडिओल. याला दोन रिसेप्टर आहेत, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध तर १९९६ मध्ये लागला.

५. प्रोजेस्टेरोन: मासिक पाळी आणि गर्भारपणात महत्त्वाचा. रिसेप्टर प्रोजेस्टेरोन रिसेप्टर.

हे सगळे रिसेप्टर एकाच मोठ्या घराण्यातले आहेत. माणसात या घराण्याचे ४८ सदस्य सापडले आहेत. थायरॉइड हार्मोनचा आणि ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टरही यातलेच चुलत भाऊ.

निरोप पोचवायच्या दोन पद्धती

पेशीच्या भोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ आवरण असतं. इन्सुलिन किंवा अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या हार्मोनना ते ओलांडून आत जाता येत नाही. त्यांचे रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर असतात. हार्मोन येऊन बेल वाजवतो, आतली माणसं धावपळ करतात. रस्त्यात अचानक कुत्रा अंगावर आला की काही सेकंदांत छाती धडधडते ना, ते अ‍ॅड्रिनॅलिनचं काम.

स्टेरॉइडचं तसं नाही. ते स्वतःच स्निग्ध स्वभावाचे असल्यामुळे आवरणातून आरपार जातात. रक्तात पाण्याचा भाग जास्त, त्यामुळे तिथे त्यांना वाहक प्रथिनांच्या पाठीवर बसून फिरावं लागतं. पेशीपाशी आले की मोकळे झालेले रेणू आत शिरतात. त्यांचा रिसेप्टर आतच वाट बघत असतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली पद्धत म्हणजे पुश नोटिफिकेशन. आलं, वाजलं, संपलं. दुसरी पद्धत म्हणजे थेट सेटिंग बदलणं. परिणाम दिसायला वेळ लागतो, पण तो लवकर पुसला जात नाही. स्टेरॉइडचे बहुतेक परिणाम दिसायला काही तास ते काही दिवस लागतात. काही झटपट परिणामही असतात, त्यांचा मार्ग वेगळा आहे, पण मुख्य काम या संथ मार्गानेच होतं.

हे कळलं कसं?

१९५० च्या दशकापर्यंत अनेकांचा समज होता की इस्ट्रोजेन पेशीत जाऊन एखाद्या रासायनिक क्रियेत स्वतः भाग घेतो, म्हणजे खर्च होतो. शिकागो विद्यापीठातले एलवूड जेन्सन यांनी वेगळा प्रश्न विचारला: हार्मोन शरीरात गेल्यावर तो जातो कुठे आणि त्याचं काय होतं?

यासाठी त्यांनी हायड्रोजनच्या जागी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन घातलेला इस्ट्राडिओल वापरला. हा एक प्रकारचा ट्रॅकर. अत्यंत कमी मात्रेत तो उंदरांना दिला आणि कुठल्या अवयवात किती सिग्नल मिळतो ते मोजलं. स्नायूंसारख्या भागांत तो आला आणि निघून गेला. गर्भाशयात मात्र तो बराच वेळ टिकून राहिला. आणि मजा म्हणजे तिथे त्याच्यात काही रासायनिक बदल झालाच नव्हता, जसा गेला तसाच होता.

याचा अर्थ काय? गर्भाशयाच्या पेशीत असं काहीतरी आहे जे या हार्मोनला धरून ठेवतं, आणि स्नायूत ते इतकं नाही. हार्मोन खर्च होत नाही, तो फक्त कुणालातरी भेटतो. ते 'कुणीतरी' म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर.

पुढे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रोनाल्ड एव्हान्स यांच्या टीमने ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचा जीन वेगळा करून त्याचा पूर्ण क्रम वाचला. फ्रान्समध्ये पिएर शॅम्बोन यांची टीम इस्ट्रोजेन रिसेप्टरवर काम करत होती. दोन्ही रिसेप्टर शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं की त्यांचा साचा एकच आहे. जेन्सन, एव्हान्स आणि शॅम्बोन या तिघांना २००४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसेप्टरची रचना: तीन मॉड्यूल

रिसेप्टर हे एक प्रोटीन आहे. माणसाचा ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर ७७७ अमिनो आम्लांची साखळी आहे. पण ही साखळी गुंडाळून नीट वेगवेगळ्या कामांचे भाग बनवते.

पहिला भाग, हार्मोन धरणारा खिसा. साखळीच्या शेवटच्या टोकाकडे बारा मळसूत्री तुकडे एकत्र येऊन एक पोकळी तयार करतात. त्या पोकळीत हार्मोन बसतो. बारावा तुकडा झाकणासारखा आहे. बरोबर हार्मोन बसला की झाकण योग्य जागी लागतं, आणि त्यामुळे बाहेरच्या बाजूला एक नवी खाच तयार होते. ही खाच पुढच्या मदतनीस प्रोटीनना पकडायला लागते. झाकणाची ही गोष्ट लक्षात ठेवा, औषधांच्या वेळी कामाला येईल.

दुसरा भाग, डीएनए वाचणारी बोटं. साधारण मधल्या भागात झिंकचे दोन अणू असतात. प्रत्येक अणू चार ठिकाणी पकडलेला असतो आणि त्याभोवती साखळी बोटासारखी दुमडते. म्हणून यांना झिंक फिंगर म्हणतात. ही बोटं डीएनएच्या खाचेत शिरून अक्षरं चाचपतात.

तिसरा भाग, सुरुवातीचं टोक. हा बराच सैल आणि लवचिक असतो. जीन किती जोरात चालवायचा यात याचा हात असतो. वेगवेगळ्या रिसेप्टरांत हा भाग सगळ्यात जास्त वेगळा असतो.

गंमत म्हणजे हे भाग खरंच सुटे करून जोडता येतात. प्रयोगशाळेत एका रिसेप्टरची डीएनए वाचणारी बोटं काढून दुसऱ्याची बसवली, तर तो पहिला हार्मोन ऐकतो आणि दुसऱ्याचे जीन चालू करतो. कोड लिहिणाऱ्या माणसाला याहून सुंदर काय दिसणार!

स्टेप बाय स्टेप: कॉर्टिसोल पेशीत आल्यावर काय होतं

स्टेप १. हार्मोन नसताना ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर मुख्यतः केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवात असतो. तो एकटा नसतो. एचएसपी९० नावाचं प्रोटीन आणि त्याचे साथीदार त्याला धरून ठेवतात. यामुळे त्याचा खिसा हार्मोन घ्यायला तयार राहतो, पण तो उगाच कामाला लागत नाही.

स्टेप २. कॉर्टिसोल खिशात बसतो. झाकण लागतं. रिसेप्टरचा आकार बदलतो, साथीदारांची मांडणी बदलते आणि केंद्रकात जायचा पास जणू उघडा पडतो.

स्टेप ३. रिसेप्टर केंद्रकात जातो. इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या बाबतीत ही स्टेप बहुतेक वेळा लागत नाही, तो मुळातच केंद्रकात बसलेला असतो.

स्टेप ४. दोन रिसेप्टर जोडी करून डीएनएवर ठरावीक जागा शोधतात. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची आवडती जागा साधारण अशी: ए-जी-ए-ए-सी-ए, मध्ये कुठलीही तीन अक्षरं, मग टी-जी-टी-टी-सी-टी. डीएनएच्या दोन पट्ट्या असतात आणि ए समोर टी, जी समोर सी असतो. आता समोरची पट्टी उलट दिशेने वाचा. तोच क्रम मिळतो! 'ती होडी जाडी होती' हे वाक्य उलटं वाचलं तरी तेच राहतं ना, त्याच जातीचा खेळ. दोन्ही बाजूंनी सारखाच क्रम असल्यामुळे जोडीतला एक रिसेप्टर एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला नीट बसतो.

स्टेप ५. मदतनीस प्रोटीन जमा होतात. डीएनए एरवी घट्ट गुंडाळलेला असतो. हे मदतनीस तो सैल करतात किंवा गरज असेल तिथे आणखी घट्ट करतात. त्यानुसार जवळच्या जीनवरून एम-आरएनए जास्त किंवा कमी बनतं, आणि मग ते प्रोटीन जास्त किंवा कमी बनतं.

स्टेप ६. हार्मोन सुटून जातो, रिसेप्टर पुन्हा वाट बघायला लागतो किंवा मोडीत निघतो. पण बनलेलं प्रोटीन काही तास, काही दिवस पेशीत राहतं. म्हणून परिणाम उशिरा सुरू होतो आणि उशिरा संपतो.

कॉर्टिसोलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सूज वाढवणारे काही जीन वेगळे प्रोटीन चालवत असतात. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर त्या प्रोटीनना जाऊन चिकटतो आणि त्यांचं काम थांबवतो. स्टेरॉइडने सूज उतरते त्यामागे हे मोठं कारण आहे.

सिग्नल एक, अर्थ अनेक

आता मूळ मुद्द्यावर येऊ. रक्त सगळीकडे तेच फिरतं. मग कॉर्टिसोल यकृतात साखर बनवायला लावतो, त्वचेत कोलॅजन कमी करतो आणि पांढऱ्या पेशींना शांत बसवतो, हे कसं?

प्रत्येक पेशीत डीएनए तोच असला तरी त्यातली कुठली पानं उघडी आहेत हे वेगळं असतं. यकृताच्या पेशीत साखर बनवणाऱ्या जीनची पानं उघडी असतात, म्हणून रिसेप्टर तिथे जाऊन बसू शकतो. त्वचेच्या पेशीत ती पानं बंद असतात. शिवाय मदतनीस प्रोटीनही प्रत्येक ठिकाणी वेगळे. एकच अ‍ॅप दोन फोनवर वेगळ्या परमिशन देऊन टाकलं की वेगळं वागतं, तसं समजा.

आणि रिसेप्टरच काम करत नसेल तर? याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे अँड्रोजेन असंवेदनशीलता. अशा व्यक्तीत एक्स-वाय गुणसूत्रं असतात, टेस्टोस्टेरोन भरपूर बनतो, पण अँड्रोजेन रिसेप्टरच्या जीनमध्ये बदल असल्यामुळे पेशींना तो ऐकूच येत नाही. हा बदल पूर्ण असेल तर शरीर बाहेरून स्त्रीचं घडतं. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पाटिन्यो हिला १९८५ मध्ये जपानमधल्या कोबे इथल्या स्पर्धेच्या वेळी गुणसूत्र चाचणीवरून बाहेर काढलं गेलं. तिने दाद मागितली. तिच्या शरीराला टेस्टोस्टेरोनचा काही फायदा मिळतच नाही, हा मुद्दा मान्य झाला आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा स्त्रियांच्या गटात खेळायची परवानगी मिळाली. रक्तात किती हार्मोन आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही, हे तिच्या केसमधून साऱ्या जगाला दिसलं.

ज्येष्ठमध आणि चुकीची चावी

आणखी एक मस्त कोडं. अल्डोस्टेरोनच्या रिसेप्टरमध्ये कॉर्टिसोलही जवळजवळ तितकाच छान बसतो. आणि रक्तात कॉर्टिसोल अल्डोस्टेरोनपेक्षा शेकडो पटींनी जास्त असतो. मग मूत्रपिंडातला हा रिसेप्टर कायम कॉर्टिसोलनेच भरून का जात नाही?

कारण मूत्रपिंडाच्या त्या पेशींत दारातच एक एन्झाइम उभं असतं. ते कॉर्टिसोलचं कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करतं, आणि कॉर्टिसोन या रिसेप्टरमध्ये बसत नाही. अल्डोस्टेरोनला ते हात लावत नाही. म्हणजे रिसेप्टर निवड करत नाहीये, निवड दारावरचा माणूस करतोय.

आता आपल्या घरातलं ज्येष्ठमध आठवा. खोकला झाला, घसा बसला की तोंडात धरायची ती गोडसर काडी. ज्येष्ठमधातला एक घटक नेमक्या याच एन्झाइमला अडवतो. घसा बसला म्हणून कधीतरी काडी चघळली तर घाबरायचं कारण नाही. पण रोज, खूप प्रमाणात आणि बरेच दिवस घेतलं तर दारावर कुणीच राहत नाही, कॉर्टिसोल आत घुसतो, शरीर मीठ-पाणी साठवायला लागतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. ज्यांना आधीच बीपी आहे त्यांनी ज्येष्ठमधाचे काढे नियमित घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

औषधं या सिस्टीमशी कसं खेळतात

औषधं दोन मुख्य प्रकारे काम करतात. काही हार्मोनची नक्कल करतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन ही कॉर्टिसोलची नक्कल, पण मूळपेक्षा ताकदवान. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन साधारण २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या बरोबरीचं मानतात. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे औषधाच्या रूपातला कॉर्टिसोलच.

काही औषधं मात्र खिशात बसून झाकणच लागू देत नाहीत. स्तनाच्या कर्करोगात वापरलं जाणारं टॅमॉक्सिफेन हे असंच. त्याला एक लांब शेपटी आहे, ती खिशाच्या बाहेर येते आणि बारावा तुकडा आपल्या जागी बसू शकत नाही. त्यामुळे मदतनीस प्रोटीनना लागणारी खाच तयार होत नाही आणि स्तनाच्या पेशींत इस्ट्रोजेनचा आवाज बंद होतो. पण हेच टॅमॉक्सिफेन हाडांत आणि गर्भाशयाच्या अस्तरात थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतं, कारण तिथले मदतनीस वेगळे आहेत. तोच रेणू, तोच रिसेप्टर, पण पेशी वेगळी म्हणून अर्थ वेगळा.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. स्टेरॉइडचे साइड इफेक्ट म्हणजे औषधातली भेसळ नाही. चांगला आणि वाईट परिणाम एकाच रिसेप्टरमधून येतो. म्हणूनच मात्रा, जागा आणि किती दिवस, हे तीन प्रश्न एवढे महत्त्वाचे.

कोविडमध्ये हे अगदी स्पष्ट दिसलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचे निकाल आले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांमध्ये साधारण एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. का? गंभीर रुग्णांत नुकसान करत होती ती भडकलेली प्रतिकारशक्ती, तिला शांत करणं गरजेचं होतं. सौम्य आजारात तीच प्रतिकारशक्ती हवी असते.

मग २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले. ताब्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्यामागची मोठी कारणं. यकृतातला रिसेप्टर साखर वाढवतो आणि पांढऱ्या पेशींतला रिसेप्टर पहारा सैल करतो. बुरशीला अजून काय हवं? जीव वाचवणारं आणि धोका वाढवणारं औषध एकच होतं.

फीडबॅक लूप: अचानक बंद का करायचं नाही

आपलं शरीर कॉर्टिसोलची पातळी सतत तपासत असतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला सांगते, अ‍ॅड्रिनल कॉर्टिसोल बनवते. कॉर्टिसोल पुरेसा झाला की तोच परत मेंदूत जाऊन तिथल्या रिसेप्टरला बसतो आणि मागणी थांबवतो. एसीच्या थर्मोस्टॅटसारखं. पहाटेपासून सकाळपर्यंत पातळी जास्त, मध्यरात्री सगळ्यात कमी, असं रोजचं चक्र असतं.

आता बाहेरून रोज गोळी आली तर? मेंदूतल्या रिसेप्टरला गोळी आणि घरचा कॉर्टिसोल यातला फरक कळत नाही. त्याला वाटतं, भरपूर आहे. मागणी बंद. आठवडेच्या आठवडे मागणी आली नाही की अ‍ॅड्रिनल ग्रंथी आकसते. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर बाहेरचा पुरवठा गेला आणि आतला कारखानाही बंद. प्रचंड थकवा, उलट्या, रक्तदाब कोसळणं, आणि वेळेवर उपचार नाही मिळाले तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर बरेच दिवस चाललेली गोळी हळूहळू कमी करत आणतात. 'बरं वाटतंय, आता कशाला घ्यायची' म्हणून मधेच सोडू नका.

जिममधल्या इंजेक्शनचंही हेच. बाहेरून टेस्टोस्टेरोन किंवा त्याची नक्कल घेतली की स्नायूंतले रिसेप्टर वाढ करतात, हे खरंय. पण मेंदूतले रिसेप्टरही तोच सिग्नल वाचतात आणि वृषणांना ऑर्डर देणं थांबवतात. वृषण लहान होतात, शुक्राणू कमी होतात, मूल होण्यात अडचण येऊ शकते. शिवाय टेस्टोस्टेरोनचा काही भाग शरीर इस्ट्राडिओलमध्ये बदलतं, त्यातून मुलांची छाती वाढू शकते. जिममधला 'सप्लिमेंटवाला' हे सगळं सांगत बसत नाही.

गोरं करणाऱ्या क्रीमचा घोळ

हा भाग वाचून पुढे पाठवलात तरी चालेल, कारण आपल्या वयाच्या कितीतरी मुलामुलींच्या कपाटात अशी ट्यूब सापडते. भारतात मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशा तिघांचं मिश्रण असलेल्या क्रीम मिळतात. वांगासारख्या त्रासासाठी डॉक्टर त्या थोड्या दिवसांपुरत्या देतात. पण लोक त्या महिनोन्महिने फेअरनेस क्रीम म्हणून लावतात. बेटामेथासोन आणि क्लोबेटासोलच्या क्रीमही अशाच वापरल्या जातात.

सुरुवातीला फरक मस्त दिसतो. सूज जाते, पुरळ बसतं, रंग उजळल्यासारखा वाटतो. आत मात्र त्वचेतले रिसेप्टर कोलॅजनचे जीन मंदावत असतात. चेहऱ्याची त्वचा आधीच पातळ, ती आणखी पातळ होते. मग बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरुम येतात, नको तिथे केस वाढतात, उन्हात गेलं की जळजळ. क्रीम बंद केली की लाली आणि आग उसळते, म्हणून माणूस परत क्रीम लावतो. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ या अवस्थेला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

गजकर्णावर अशी मिश्र क्रीम लावली तर आणखी पंचाईत. खाज थांबते, कारण सूज दबते. बुरशी मात्र आरामात पसरते, कारण पहारेकरी झोपलेत.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकल्या, म्हणजे त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. तरी काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे जाणतो. म्हणून ट्यूबच्या मागची नावं स्वतः वाचा. नावाच्या शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' असेल, जसं बेटामेथासोन, क्लोबेटासोल, ट्रायमसिनोलोन, तर ते स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. हा पक्का नियम नाही, पण विचारायला पुरेसा आहे. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीवरच घ्यायचं असतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दम्याच्या पंपातल्या स्टेरॉइडची भीती बाळगायची का?
पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट फुफ्फुसांतल्या रिसेप्टरपाशी जाते. गोळीच्या तुलनेत बाकी शरीराला फार कमी मिळतं. पंप घेतल्यावर चूळ भरा, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही. डॉक्टरांना न विचारता पंप सोडणं हा जास्त मोठा धोका आहे.

स्टेरॉइड क्रीम वाईटच असते का?
नाही. इसब, सोरायसिस अशा त्रासांत योग्य ताकदीची क्रीम, योग्य जागी, ठरलेले दिवस लावली तर ती उत्तम औषध आहे. तळहातावर चालणारी क्रीम चेहऱ्यावर चालेलच असं नाही.

महिनोन्महिने क्रीम लावतोय, आता काय?
स्वतःच्या मनाने एकदम बंद करून नवी क्रीम शोधत बसू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि किती दिवस लावली ते खरं सांगा. त्यावरूनच ते कशी सोडायची ते ठरवतात.

ताण आला की कॉर्टिसोल वाढतो, मग तो कमी करणारी पावडर घ्यावी का?
कॉर्टिसोल हा शत्रू नाही. तो नसेल तर माणूस जगू शकत नाही. रील बघून पावडर मागवण्यापेक्षा रात्रीची झोप सांभाळा.

थोडक्यात सांगायचं तर स्टेरॉइडला चांगलं-वाईट असं लेबल लावता येत नाही. सिग्नल कुठल्या पेशीतल्या रिसेप्टरला, किती आणि किती दिवस जातोय यावर सगळं अवलंबून आहे. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये कुणी ट्यूब किंवा गोळी पुढे केली, तर हे तीन प्रश्न विचारा: यात स्टेरॉइड आहे का? किती दिवस घ्यायचं? आणि बंद कसं करायचं? उत्तर देता आलं नाही, तर पैसे खिशात ठेवा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.